चेंदवणकरांकडची माणसं

आमच्या मजल्यावरचे गुरुनाथ चेंदवणकर लिफ्टमध्ये आडवे शिरतात. सरळ शिरले तर शिंगं अडकतात.

मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते असंच, लिफ्टमध्ये. लालबागच्या आजूबाजूच्या चार चाळी पाडून त्या जागी एक टॉवर उभा राहिला होता आणि आम्ही नुकतेच त्यात राहायला आलो होतो. चारही चाळींतली माणसं एकत्र भरल्यामुळे शेजारी कोण आहे याचा कुणालाच पत्ता नव्हता. संध्याकाळी भाजी घेऊन आले, बटण दाबलं, दार उघडलं, तर आत एक गृहस्थ उभे. चेहरा चुन्यासारखा पांढरा, डोळ्यांभोवतीचा काळा रंग गालांपर्यंत ओघळलेला, ओठ काळे आणि डोक्यावर हातभर लांब दोन शिंगं. मानेखाली मात्र इस्त्रीचा चौकड्यांचा शर्ट, नीट खोचलेला. गळ्यात कंपनीचं ओळखपत्र. हातातल्या पिशवीतून कोथिंबीर आणि बांगड्यांची शेपटं डोकावत होती.

"या ना मॅडम, जागा आहे," ते म्हणाले. आवाज एखाद्या दवाखान्यातल्या कंपाउंडरसारखा मऊ.

मी म्हणाले, "नको, मी पुढच्या लिफ्टने येते."

"घाबरलात?"

"नाही."

"म्हणजे अगदीच नाही? की थोड्या?"

"थोडी," मी कबूल केलं.

त्यांचा चेहरा त्या रंगाखालीसुद्धा फुललेला दिसला. त्यांनी पिशवीतून पाण्याची बाटली काढली आणि झाकण उघडून माझ्यापुढे धरली. मी पाणी प्यायले. शाळेत तीस-एक वर्षं मराठी शिकवून रिटायर झालेली बाई, अनोळखी शिंगवाल्याच्या हातचं पाणी का प्यायली, ते मला आजतागायत कळलेलं नाही.

वर जाताना त्यांनी खुलासा केला. रंगाची ट्रायल होती. घामाने उतरतो का ते बघायला ते अख्खा बाजार फिरून आले होते. "कोळणीकडे पण गेलो मुद्दाम. जरासुद्धा घाबरली नाही. भाव पण कमी केला नाही."

चेंदवणकर दिवसा झेरॉक्सची मशीनं दुरुस्त करणाऱ्या कंपनीत नोकरी करतात. पन्नाशीला टेकलेले, लग्न झालेलं नाही, केसांना तेल, बोलताना नजर खाली. सोसायटीच्या जिन्यात समोरून कोणी आलं तर भिंतीला चिकटून वाट देतात. आणि उरलेला वेळ ते मेटल नावाचं संगीत करतात. मेटल म्हणजे भांडी नव्हेत, हे मला पहिल्याच आठवड्यात सांगण्यात आलं. त्यात गाणारा माणूस गात नाही, गुरगुरतो, आणि अंगावर असं काहीतरी चढवतो की समोरच्याची छाती दडपावी.

"पण लोकांना घाबरवायचं कशाला?" मी विचारलं.

"घाबरवायचं तर मनापासून मॅडम, पण नंतर पाणी विचारायचं."

हे त्यांचं ठरलेलं वाक्य. मुळात ते त्यांच्या वडिलांचं. वडील कुडाळजवळच्या गावात दशावतारात राक्षस व्हायचे. रंगमंचावरून न येता प्रेक्षकांच्या मागून, अंधारातून आरोळी ठोकत यायचे. पोरं किंचाळत आयांच्या पदराखाली शिरायची. खेळ संपला की तोच राक्षस मुकुट काखोटीला मारून त्याच पोरांबरोबर भजी खात बसायचा. चेंदवणकरांच्या मते हे जगातलं सर्वांत मोठं कौशल्य आहे. नुसता घाबरवणारा गुंड असतो आणि नुसतं पाणी देणारा पाणपोईवाला. दोन्ही जमलं तर कलाकार.

इथपर्यंत मला समजलं होतं. माझा गोंधळ सुरू झाला तो भिंतीपलीकडच्या आवाजांमुळे.

त्यांची आणि आमची बैठकीची भिंत एक. संध्याकाळी सातच्या सुमाराला तिकडून आवाज यायला लागत. पहिल्या दिवशी मला वाटलं, मिक्सर बिघडलाय. आमचे हे म्हणाले, पाण्याचा पंप आहे. दुसऱ्या दिवशी तो पंप कण्हायला लागला, मग शीळ घालायला लागला, आणि मग एखादी म्हैस विहिरीत पडून आतून हाका मारतेय असं काहीतरी झालं. मी जाऊन बेल वाजवली.

"त्रास होतोय का?" त्यांनी दारातच विचारलं. "कमी करतो. पण आलाच आहात तर बघा."

आत टेबलावर स्टीलचे डबे मांडलेले. पोह्यांचे, रव्याचे, लाडवांचे. प्रत्येकाच्या झाकणाला भोकं पाडून त्यात बटणं बसवलेली, आणि ती बटणं म्हणजे टूथपेस्टची झाकणं. डब्याडब्यांतून रंगीत वायरी निघून दुसऱ्या डब्यांत शिरलेल्या. सगळं मिळून शेवया सांडल्यासारखं दिसत होतं.

"हा सिंथेसायझर," ते म्हणाले. "मॉड्युलर."

मी पट्ट्या शोधल्या. पट्ट्या नव्हत्या. तारा नव्हत्या, पडदा नव्हता, फुंकायची जागा नव्हती.

"वाजवायचं कुठे?"

"असं वाजवायचं नसतं. ह्यात आवाज तयार नसतो, आवाजाचे भाग असतात. मिसळ कशी? उसळ वेगळी, फरसाण वेगळं, कट वेगळा. एका डब्यात नुसती उसळ. तिला वायर लावून कटात सोडली की चव बदलली. वायर काढून दुसरीकडे लावली की वेगळी मिसळ."

"आणि पाव?"

ते विचारात पडले. "पाव म्हणजे स्पीकर," ते शेवटी म्हणाले. मला काहीही कळलं नव्हतं, पण पावाचा प्रश्न चांगला होता असं त्यांच्या चेहऱ्यावरून वाटलं.

हे यंत्र बाहेरून मागवायचं तर माणसाला घर विकावं लागतं म्हणे. चेंदवणकर लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणतात, मोडीत निघालेल्या झेरॉक्स मशीनमधली मोटार, जुन्या रेडिओतला पत्रा, आणि बाकी सगळं स्वयंपाकघरातून. अशा स्वस्तातल्या यंत्रांचं त्यांना इतकं वेड आहे की गावोगावचे लोक त्यांना फोन करून विचारतात. मी स्वतःच्या कानांनी ऐकलंय. "डबा कुठला घेतलात डॉक्टर? रव्याचा? रव्याचा चालणार नाही, पत्रा पातळ असतो. चकलीचा घ्या. तुमच्या मिसेस विचारतील तर सांगा माझं नाव." कोल्हापूरचे कोणी दातांचे डॉक्टर होते ते. पेशंट गेले की डबे जोडत बसत.

हळूहळू आमच्या मजल्यावरच्या सगळ्या घरांतली टूथपेस्टची झाकणं चेंदवणकरांकडे जायला लागली. कोणी काही बोललं नाही, आपोआप झालं. पेस्ट संपली की झाकण त्यांच्या दारातल्या वाटीत.

आणि मग ती माणसांची भानगड उपटली.

मी सोसायटीची सेक्रेटरी. दुसरं कोणी तयार झालं नाही म्हणून. चेअरमन खानविलकर, कस्टममधून निवृत्त झालेले. नोकरी संपली तरी प्रत्येक माणसाच्या सामानात काहीतरी लपवलेलं असणारच ही त्यांची खात्री संपलेली नाही. एक दिवस ते माझ्याकडे आले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "सामंत बाई, चेंदवणकरांकडे पोटभाडेकरू आहेत."

"कोण म्हणालं?"

"मी ऐकलं. तुम्ही पण ऐका."

आम्ही दोघं पॅसेजमध्ये उभे राहिलो. आतून चेंदवणकरांचा आवाज येत होता. घरात एकटे असले की ते मालवणीत बोलतात. "काय रे निल्या, गळो बसलो काय रे तुझो? थांब, जरा गरम हो." मग थोडी गुरगुर. मग, "बाबी, हळू रे, मरशीत. तुका कोण धावूक सांगता?" मग बराच वेळ शांतता. आणि मग अगदी काकुळतीला येऊन, "फ्रान्सिस, तू येतलस कधी?"

खानविलकरांनी तीन बोटं वर केली. "तीन. शिवाय हे स्वतः. वॉचमनला विचारलं, तो म्हणतो कोणी वर जाताना दिसत नाही, खाली येताना दिसत नाही. याचा अर्थ काय?"

"काय?"

"याचा अर्थ ते बाहेरच पडत नाहीत."

मी इतकी चक्रावले की मला ते पटलं. रात्रभर मी त्या निल्याचा विचार करत होते. गळा बसलेला, बाहेर न पडणारा. याला डॉक्टरकडे का नेत नाहीत?

रविवारी सकाळी आम्ही पाहणीला गेलो. सेक्रेटरी आणि चेअरमन. खानविलकरांनी बूट घातले होते, म्हणजे प्रकरण गंभीर. चेंदवणकरांनी दार उघडलं. खानविलकर म्हणाले, "तुमच्याकडे कोण कोण राहतं ते बघायचंय."

"या ना," चेंदवणकर म्हणाले. "सगळे घरातच आहेत."

त्यांनी आम्हाला खुर्च्या दिल्या, पाणी दिलं आणि टेबलाकडे हात केला. "हा निल्या." लाडवांचा डबा. "हा बाबी." पोह्यांचा. "आणि हा फ्रान्सिस." जुना बिस्किटांचा, डोंगराचं चित्र असलेला.

खानविलकरांनी पलंगाखाली वाकून बघितलं. न्हाणीघरात डोकावून आले. परत येऊन डब्यांसमोर उभे राहिले. "हे?"

"हे."

"आणि हे बोलतात?"

चेंदवणकरांनी लाडवांच्या डब्याचं झाकण फिरवलं. खोल, जाड, पोटातून आल्यासारखी गुरगुर निघाली. खानविलकरांच्या हातातल्या ग्लासातलं पाणी थरथरलं. "गरम झाल्याशिवाय सूर धरत नाही हा," चेंदवणकर म्हणाले. "खरा निल्या पण तसाच होता. आधी अर्धा तास खाकरायचा." पोह्यांच्या डब्यातून धडधड सुरू झाली. "बाबी ड्रम वाजवायचा. उकडायला लागलं की लय वाढवत धावायचा. हा पण धावतो." मग त्यांनी बिस्किटांच्या डब्याला वायर लावली, आणि निल्या जे गुरगुरला होता तेच थोड्या वेळाने, लांबून, परत ऐकू आलं. मग आणखी लांबून. "फ्रान्सिस बेस गिटार वाजवायचा. चांगला वाजवायचा, पण नेहमी उशिरा यायचा. म्हणून हा."

 खानविलकरांनी डोक्यावरची टोपी काढली. "कधी गेले हे?" त्यांनी हळूच विचारलं.

"निल्या लग्नानंतर गेला, कल्याणला. बाबी वसईला गेला. फ्रान्सिस कॅनडाला."

खानविलकरांनी टोपी परत घातली. आपण नेमकं काय करायला आलो होतो ते त्या क्षणी आम्हा दोघांनाही आठवत नव्हतं. जाताना खानविलकर म्हणाले, "ते झाकण मी एकदा फिरवलं तर चालेल?" आणि मग ते तासभर हलले नाहीत. मी घरी येऊन कुकर लावला. भिंतीपलीकडे म्हैस विहिरीतून हाका मारत होती आणि मध्येच चेअरमन म्हणत होते, "अजून खाली घेता येईल का?"

सोसायटीच्या वहीत मी लिहिलं की पाहणी केली, बाहेरची व्यक्ती आढळली नाही. त्यात खोटं काही नव्हतं.

पुढे थोड्या महिन्यांनी चेंदवणकरांना कार्यक्रम मिळाला. परळला एका जुन्या मिलच्या आवारात आता हॉटेलं आणि छोटे हॉल झालेत, त्यातल्या एका हॉलमध्ये, रविवारी दुपारी. चेंदवणकर बोलवायला आले ते दारातच उभे राहिले. "गाणं आवडलं नाही तरी चालेल. पण ओळखीची दोन माणसं समोर असली की बरं असतं."

आम्ही गेलो. खानविलकरांनी लग्नाला जायचा कुडता घातला होता. बाहेर बोर्डावर चेंदवणकरांचा शिंगांसकट फोटो आणि खाली मोठ्या अक्षरांत: गुरुनाथ आणि मंडळी. आत सगळी काळे टीशर्ट घातलेली, केस वाढवलेली तरुण मुलंमुली. मला बघून एकाने उठून खुर्ची दिली.

दिवे गेले. स्टेजवर फ्रिजचं उभं खोकं होतं, काळं रंगवलेलं, त्यावर कवट्या. खोक्याभोवती धूर पसरायला लागला. धूर कसला, सर्दीत वाफ घ्यायची ती प्लास्टिकची मशीनं ओळीने मांडली होती, आणि पाण्यात निलगिरीचं तेल टाकलेलं. हॉलभर वास सुटला. खानविलकरांचं नाक पावसाळ्यापासून चोंदलेलं होतं, ते मोकळं झालं. "काय माणूस आहे," ते म्हणाले.

मग खोक्यातून आरोळी आली. खोकं हललं, पण उघडेना. आतून धडका. एक शिंग पुठ्ठा फाडून बाहेर आलं. मुलं खदखदून हसत होती, आणि मला समजेना की हे ठरवलेलं आहे की माणूस खरंच अडकलाय. मी उठून मदतीला जावं का, असं मी शेजारच्या मुलीला विचारलंसुद्धा. तेवढ्यात अख्खं खोकं फाटलं आणि त्यातून तो पांढऱ्या तोंडाचा राक्षस उडी मारून पुढे आला आणि असा काही गुरगुरला की माझ्या पर्सची साखळी वाजली. पुढच्या रांगेतली मुलं मागे सरली. राक्षसाने त्यांच्यावर नजर रोखली, श्वास घेतला आणि म्हणाला, "पाणी पाहिजे का कुणाला?" आणि खरोखरच बाटल्या वाटल्या.

त्यांनी मंडळींची ओळख करून दिली. "ड्रमवर बाबी." डब्याला टाळ्या. "बेसला फ्रान्सिस, येईल थोड्या वेळात." त्यालाही टाळ्या. "आणि गळा, आमचा निल्या." मुलांनी निल्याच्या नावाने हॉल डोक्यावर घेतला. मग त्यांनी गाऱ्हाणं घातलं. गावी देवापुढे घालतात तसंच, फक्त राक्षसाच्या आवाजात आणि मागे बाबी धडधडत. "बा देवा म्हाराजा, ज्या कोणाचो ॲम्प्लिफायर जळलो असात, तो दुरुस्त होऊंदे रे म्हाराजा." काळे टीशर्टवाले एका आवाजात ओरडले, "व्हय म्हाराजा." "ज्या कोणाक घरचे विचारतत की ह्या करून काय मिळता, त्याका उत्तर गावूंदे रे म्हाराजा." "व्हय म्हाराजा." खानविलकर सगळ्यांत मोठ्याने ओरडत होते. मध्येच बाबी धावायला लागला तर चेंदवणकरांनी गाणं थांबवून त्याला झापलं आणि पुन्हा सुरू केलं. हे संगीत होतं, नाटक होतं की जत्रा, ते मला कळलं नाही. कंटाळा मात्र आला नाही.

कार्यक्रम संपला. मुलं फोटो काढून गेली. चेंदवणकर वायरी गुंडाळत होते आणि आम्ही दोघं डबे पुसायला मदत करत होतो, तेव्हा एक गृहस्थ आत आले. पांढरा शर्ट, टक्कल, चष्मा वर ढकललेला. त्यांची बायको दारातच थांबली होती.

"गुरू?" ते म्हणाले. "अरे, मी निलेश."

चेंदवणकरांच्या हातातली वायर तशीच राहिली.

"मेहुणीला इथल्या हॉस्पिटलात ठेवलंय, तिला भेटून जात होतो. बाहेर बोर्ड बघितला. शिंगांवरून नाही ओळखलं, नावावरून ओळखलं. अजून करतोस तू हे?"

"हो. असंच, जरा."

"संपलं का?"

"आत्ताच संपलं."

"अरेरे." निलेशनी रिकाम्या स्टेजवर नजर फिरवली. "आणि मंडळी कुठायत?"

खानविलकरांनी लाडवांच्या डब्याकडे बोट दाखवत तोंड उघडलं. मी त्यांच्या पायावर पाय दिला. का दिला, ते विचारू नका. मला फक्त चेंदवणकरांचा चेहरा दिसत होता, आणि त्या सगळ्या पांढऱ्या-काळ्या रंगाखाली तो इतका घाबरलेला होता की मी आजवर तसा कुणाचा बघितला नव्हता.

"चहाला गेलीत," चेंदवणकर म्हणाले. "येतील."

"चांगलं आहे. ग्रुप आहे तुझा, बरं वाटलं." निलेशनी लाडवांचा डबा उचलून बघितला. "हे काय?"

"ऑसिलेटर."

"म्हणजे?"

"आवाज काढतो."

"डब्यातून?" निलेश हसले. माणूस चांगला होता, कुचेष्टेने नाही हसला. डबा जपून खाली ठेवला. "आपण पण कसले वेडे होतो ना रे. मी काय ओरडायचो ते मला आता आठवत पण नाही. काय नाव होतं आपल्या बँडचं?"

चेंदवणकरांनी हातातली वायर गुंडाळायला घेतली. "नाही रे आठवत."

"जाऊ दे. कल्याणला ये ना एकदा. घरी ये."

"येतो."

दारातून बायकोने हाक मारली. निलेशनी चेंदवणकरांच्या खांद्यावर थोपटलं, हाताला लागलेला रंग रुमालाला पुसला आणि ते गेले. आम्ही टॅक्सीत सामान भरलं.  लिफ्टमध्ये शिरताना चेंदवणकरांनी शिंगं काढून हातात घेतली होती.

त्यानंतर भिंतीपलीकडून आवाज येईना. सोमवारी नाही, मंगळवारी नाही. सात वाजले की आमचे हे टीव्हीचा आवाज कमी करून कानोसा घ्यायचे. "पंप बंद पडला वाटतं," ते म्हणायचे. खानविलकर रोज पॅसेजमध्ये येऊन जायचे आणि बेल न वाजवता परतायचे. गुरुवारी मीच वाजवली.

चेंदवणकर ऑफिसच्या कपड्यांतच बसले होते. डबे टेबलावर होते, वायरी लावलेल्या नव्हत्या. मी म्हणाले, "एक विचारू? मला खरंच कळलं नाही म्हणून विचारते. तुम्ही त्यांना सांगितलं का नाही?"

"काय सांगणार मॅडम? की तुझ्या नावाचा डबा केलाय, रोज त्याच्याशी बोलतो?" ते डब्यांकडे बघत राहिले. "तो घाबरला असता. आणि ते घाबरणं चांगलं नाही. त्यावर पाणी देऊन भागत नाही."

"तुमचं काही भांडण झालं होतं का?"

"तेच तर. भांडण झालं असतं तर बरं होतं. भांडण मिटवता येतं. आमचं काही झालंच नाही. एकाचं लग्न झालं, एकाची नोकरी लांब गेली, एकाचा व्हिसा आला. दर वेळी आम्ही म्हणायचो, पुढच्या शनिवारी प्रॅक्टिस. मी खोली उघडी ठेवायचो. मला वाटत होतं, पुढे ढकललंय. संपलंय असं कुणी म्हणालंच नाही मला." मग ते जरा हसले. "बाबी आणि फ्रान्सिसला तर अजून पण कुणी म्हटलेलं नाही."

शाळेत मुलांना मी समजावून सांगायची, तसं काहीतरी बोलावं असं मला फार वाटलं. पण मी म्हणाले, "रविवारी आमच्याकडे जेवायला या."

त्यांनी दचकून वर पाहिलं. "का?"

"का म्हणजे? कोंबडी-वडे करणार आहे."

"कार्यक्रम आहे काही?"

"काही नाही. जेवण आहे."

रविवारी ते वेळेच्या आधीच आले. केसांना तेल, नवा शर्ट, हातात केळ्यांचा घड. भिंतीच्या या बाजूला ते पहिल्यांदाच बसत होते, आणि सारखे त्या भिंतीकडे बघत होते.  आमच्या ह्यांनी विचारलं, झेरॉक्सला कागद नेमका का अडकतो? तेव्हा कुठे ते जरा सैल झाले आणि कागदाला दमट हवा कशी सोसत नाही ते सांगत बसले. वडे त्यांनी मोजून खायला सुरुवात केली आणि मग मोजायचं सोडून दिलं. जेवण झाल्यावर स्वतःचं ताट स्वतः घासायला निघाले. मी नको म्हटलं तरी घासलं, शिवाय ह्यांचंही घासलं.

निघताना दारात चपला घालायला ते बराच वेळ वाकून राहिले. पट्टा नीट लागला होता, तरी ते तो काढून परत लावत होते. मग वर न बघताच म्हणाले, "मॅडम, हे जेवण... पुढच्या रविवारी पण असतं का?"

खरं म्हणजे रविवारी आम्ही बऱ्याचदा शनिवारचं उरलेलंच गरम करून खातो.

"असतं," मी म्हणाले.